विश्लेषण : अजिंठ्याच्या पायथ्याचा कापूस आणि अमेरिकेतला भाव, १८६१ पासूनचे नाते काय सांगते?

अमेरिकेत गुलामगिरीवरून युद्ध पेटले आणि खान्देश-वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध थांबले आणि भाव कोसळला. दीडशे वर्षांनंतरही सिल्लोड-सोयगावच्या शेतकऱ्याच्या क्विंटलचा हिशेब अमेरिकेतल्या घडामोडींशी जोडलेला आहे. हे नाते नेमके कसे तयार झाले आणि आज कुठे दिसते?

थोडक्यात
• १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस अडकला आणि ब्रिटनच्या गिरण्या भारतीय कापसावर चालल्या.
• तेजीतला मोठा पैसा मुंबईत राहिला, कर्ज मात्र गावात उरले.
• २०२२ मधली तेजी आणि २०२५ मधले आयात शुल्क या दोन्ही वेळी तीच साखळी पुन्हा दिसली.
• न्यूयॉर्कमध्ये पाऊंडमागे १० सेंट हलले, तर आपल्या क्विंटलमागे साधारण ६६० रुपयांचा फरक पडू शकतो. हिशेब पुढे दिला आहे.

दिवाळीच्या आसपास अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूर, वाकोद, पहूरच्या दिशेने निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका आणि कापूस दिसतो. पर्यटकांच्या गाड्या लेण्यांकडे वळत असतात, त्याच वेळी शेतांत वेचणी सुरू असते. गावात खेडा खरेदीचा काटा लागतो. व्यापारी भाव सांगतो, शेतकरी कुरकुरतो आणि ठरलेले उत्तर मिळते, बाहेर मंदी आहे.

हे ‘बाहेर’ म्हणजे नेमके कुठे? बऱ्याचदा त्याचे उत्तर अमेरिका असे आहे. ही आजची गोष्ट नाही. त्यासाठी आधी लेण्यांच्या आत जावे लागेल.

अजिंठ्याच्या चित्रांत कापूस कुठे आहे?

अजिंठ्याची बहुतेक प्रसिद्ध भित्तिचित्रे पाचव्या शतकातली आहेत. त्यांत राजे, बोधिसत्त्व आणि जातककथा आहेत, तशीच रोजची कामे करणारी साधी माणसेही आहेत. कापसातून सरकी वेगळी करण्याच्या एका साध्या रोलर यंत्राचे चित्रणही तिथे आहे. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी १९७४ मध्ये प्राचीन भारतातल्या कापूस उद्योगावर लिहिताना अशा चित्रांचा अभ्यास मांडला. तंत्रज्ञानाच्या इतिहासात अजिंठ्याचे हे चित्रण सरकी काढण्याच्या यंत्राचा सर्वांत जुना पुरावा म्हणून सांगितले जाते.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. दाबाखाली फिरणारा रोलर धागा पुढे ओढतो, सरकी मागे राहते. भारतातल्या बहुतेक जिनिंगमध्ये आजही दुहेरी रोलरची यंत्रे चालतात. मधल्या काळात हे तत्त्व अमेरिकेतूनही फिरून आले. तिथल्या फोन्स मॅकार्थी यांनी १८४० मध्ये सुधारित रोलर जिनचे पेटंट घेतले आणि पुढे त्या पद्धतीची यंत्रे भारतात पसरली.

त्याआधी, १७९४ मध्ये, आणखी एक अमेरिकी पेटंट नोंदले गेले होते. जगाच्या कापसाचे गणित त्याने बदलले.

सरकी काढण्याच्या यंत्राने अमेरिकेत काय केले?

अमेरिकेच्या दक्षिण भागात होणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसात सरकी घट्ट चिकटलेली असते. साध्या रोलरने ती निघत नसे आणि हाताने काढायला दिवस जात. एली व्हिटनी यांनी तारांच्या दातांनी धागा ओढून घेणारे यंत्र बनवले. त्याचे पेटंट १४ मार्च १७९४ रोजी मिळाले. जे काम दिवसभर चालायचे ते झपाट्याने होऊ लागले.

यंत्र आल्यावर कष्ट कमी होतील असे कुणालाही वाटेल. घडले उलटे. सरकी काढणे स्वस्त झाल्यावर कापूस लावणे फायद्याचे झाले. लागवड वाढली आणि लावायला, खुरपायला, वेचायला हात हवे झाले. ते हात गुलामांचे होते. अमेरिकेत १७९० मध्ये सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० च्या जनगणनेत हा आकडा ४० लाखांच्या जवळ पोहोचला. त्या वाढीमागे कापसाचा मोठा वाटा होता.

युद्धापूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जात असे. भारताचा वाटा १८६० मध्ये जेमतेम १६ टक्के होता. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा, त्यात पाला-माती मिसळलेली, म्हणून मँचेस्टरचे गिरणीवाले त्याला नाके मुरडत. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये अमेरिकेतून दहा अनुभवी मळेवाले आणून भारतात अमेरिकी पद्धतीच्या लागवडीचे प्रयोग केले. बहुतेक ठिकाणी ते फसले. धारवाडकडे मात्र अमेरिकी वाण काही प्रमाणात रुजले.

१८६१ मध्ये काय घडले?

१२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. एका बाजूला गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्ये, दुसऱ्या बाजूला अब्राहम लिंकन यांचे केंद्र सरकार. लिंकन यांनी त्याच महिन्यात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. कापूस बाहेर पडणे बंद होत गेले. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये गिरण्या थांबल्या आणि कामगारांवर उपासमारीची वेळ आली.

गिरणीवाल्यांनी तोंड भारताकडे वळवले. १८६२ मध्ये ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसातला भारताचा वाटा ७५ टक्क्यांपर्यंत गेला. एकूण आयात घटलेली होती हे खरे, पण भाव चौपटीच्या आसपास पोहोचले.

अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. घाटाखाली थोड्याच अंतरावर ब्रिटिशांचा खान्देश सुरू होत असे आणि पूर्वेला वऱ्हाड होते, जे १८५३ पासून ब्रिटिशांच्या ताब्यात होते. म्हणजे अजिंठ्याचा डोंगर कापसाच्या पट्ट्याच्या अगदी काठावर होता. जळगाव, खामगाव, अमरावती ही नावे मँचेस्टरच्या व्यापारी वर्तुळात ओळखीची झाली. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशा गोष्टी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्या काळी सांगितल्या गेल्या. तेजी किती डोळ्यांत भरली होती, याचा अंदाज त्यावरून येतो.

रेल्वेचा मार्गही कापसाने आखला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खान्देश आणि वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. खामगावच्या बाजारासाठी खास फाटा टाकण्यात आला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याचे उद्घाटन केले. मराठवाड्याला मात्र थांबावे लागले. तेव्हाच्या औरंगाबाद शहरात सूत आणि कापडाची गिरणी १८८९ मध्ये उभी राहिली आणि हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० मध्ये सुरू झाल्यावर या भागात जिनिंगचे कारखाने वाढले.

भाव चढला की भेसळही चढते. वजन वाढवण्यासाठी कापसात पाणी, माती, सरकी मिसळण्याचे प्रकार वाढले, म्हणून मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापूस फसवणूक प्रतिबंधक कायदा केला. आज सीसीआयच्या केंद्रावर ओलावा मोजण्याचे यंत्र कापसात खुपसले जाते आणि ८ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असेल तर पैसे कापले जातात, १२ टक्क्यांवर गेला तर माल परत पाठवला जातो. काट्यावरचा हा वाद तेव्हापासूनचा आहे.

तेजीचा पैसा कुठे गेला?

मोठा भाग मुंबईत. कापूस मुंबई बंदरातून जायचा आणि त्याचे पैसे तिथल्या व्यापाऱ्यांच्या हाती यायचे. इतका पैसा आला की तो लावायचा कुठे हा प्रश्न पडला. मग बँका, वित्त कंपन्या आणि समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्यातले सर्वांत मोठे नाव. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरसाठी लोक मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजत होते. शहराची लोकसंख्या १८६४ च्या गणनेत ८ लाख १६ हजारांवर गेली.

गावात काय पोहोचले? पैसा पोहोचला, पण बराचसा उचल म्हणून. कापूस लावणाऱ्याला एकरी १०० रुपयांपर्यंत आगाऊ रक्कम दिली जात होती, अशी नोंद इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. निर्यात करणारा मुंबईच्या सावकाराला पैसे द्यायचा, तो तालुक्याच्या व्यापाऱ्याला, तो गावातल्या सावकाराला आणि तो शेतकऱ्याला. प्रत्येक पायरीवर व्याज वाढत असे. कापूस बोंडात असतानाच तो कुणाचा हे ठरून गेलेले असे. मोठ्या शेतकऱ्यांनी कमावले. लहान शेतकऱ्याच्या वहीत तेजीच्या काळातही कर्जच वाढले.

युद्ध संपल्यावर काय झाले?

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी शरणागती पत्करली. अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार हे कळताच भाव घसरले. १ जुलै १८६५ हा मुंबईत वायद्याचे सौदे चुकते करण्याचा दिवस होता. पैसे द्यायला कुणाकडेच नव्हते. एकामागून एक पेढ्या बुडाल्या. पुढे बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली आणि १८६८ मध्ये नवी बँक उभारण्यात आली. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ६ लाख ४४ हजारांवर आली होती.

मुंबईच्या पडझडीवर खूप लिहिले गेले. गावात ती सावकाशपणे आणि जास्त खोल गेली. सावकारांनी नवी उचल बंद केली, जुनी वसुली सुरू केली. त्यात सरकारने शेतसारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला करून कर्जाचे रोखे आणि वह्या जाळल्या. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून शाळेत शिकलेला धडा तो हाच.

इथे एक काळजी घ्यायला हवी. दंगे झालेली अनेक गावे मुख्य कापूस पट्ट्यातली नव्हती, त्यामुळे सगळा दोष कापसाच्या मंदीवर टाकता येत नाही, असे काही इतिहासकार दाखवून देतात. साऱ्यातली वाढ आणि जमीन सावकाराकडे जाण्याची भीती हीही मोठी कारणे होती. तरी पतपुरवठा आटल्याचा फटका सर्वदूर बसला, यावर फारसा वाद नाही. ब्रिटिश सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा केला. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा पाहिला, तर त्यातला प्रश्न तोच दिसतो, कागदावर अंगठा घेऊन जमीन घेणाऱ्याला रोखायचे कसे.

अमेरिकेत कापूस वेचणाऱ्यांचे काय झाले?

डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत गुलामगिरी संपली. माणसे मोकळी झाली, पण त्यांच्याकडे जमीन नव्हती. मग बटाईची पद्धत आली. जमीन मालकाची, कष्ट कुटुंबाचे, पीक वाटून. बियाणे, पीठ, कापड गावच्या दुकानदाराकडून उधारीवर आणि त्या बदल्यात उभ्या पिकावर त्याचा हक्क. हंगाम संपल्यावर हिशेब दुकानदारच करायचा आणि बाकी पुढच्या वर्षावर जायची.

मिसिसिपीतला बटाईदार आणि खान्देशातला कुणबी एकमेकांना ओळखत नव्हते. दोघांचा कापूस एकाच लिव्हरपूलच्या बाजारात जात होता आणि दोघांची वही दुसऱ्याच्याच हातात होती. अमेरिकेतला कापूस पुन्हा वाढला तो याच उधारीच्या जोरावर, आणि त्यामुळे आपल्याकडचा भाव दबला.

या युद्धाकडे पुण्यातून एक माणूस वेगळ्या नजरेने पाहत होता. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. तिथे माणसाला माणसाच्या मालकीतून सोडवता येते, तर इथे शूद्रातिशूद्रांना जातीच्या दास्यातून का नाही, हा त्यामागचा विचार होता. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतकऱ्याच्या कर्जाची आणि लुबाडणुकीची मांडणी केली. मुंबईच्या बाजाराने अमेरिकेतून फक्त भाव ऐकला. फुल्यांनी तिथून मुक्तीची बातमी ऐकली.

आज शेतातले झाडही अमेरिकेचेच?

बऱ्याच अंशी, हो. १८६० च्या दशकात आपल्या शेतात देशी कापूस होता. आज भारतातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस ‘हिर्सुटम’ या मूळच्या अमेरिकी प्रजातीचा आहे. कंपनी सरकारच्या मळेवाल्यांना जे जमले नाही, ते स्वातंत्र्यानंतरच्या संशोधनाने घडवले. गुजरातमधल्या सुरत केंद्रात १९७० मध्ये विकसित झालेला एच-४ हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला संकरित कापूस मानला जातो.

त्यानंतरचे पाऊल अजिंठ्याच्या शेजारच्या जिल्ह्यातून पडले. जालन्याच्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीने, म्हणजे महिकोने, अमेरिकेच्या मॉन्सँटोशी भागीदारी केली आणि मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला केंद्राची परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार होऊ लागले. फवारण्या घटल्या, उत्पादन वाढले आणि काही वर्षांत बहुतेक कापूस बीटी झाला. पण गुलाबी बोंडअळीने हळूहळू प्रतिकारशक्ती कमावली आणि २०१७-१८ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने हाहाकार केला. फरदड घेऊ नका, हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका, हा कृषी विभागाचा सल्ला तेव्हापासून दर वर्षी ऐकू येतो.

अमेरिकेनेही असा एक कीटक पाहिला आहे. मेक्सिकोतून १८९२ च्या सुमारास टेक्सासमध्ये शिरलेल्या बोंडभुंग्याने दक्षिणेतला कापूस फस्त केला. अलाबामातल्या एंटरप्राइज गावातले शेतकरी नाइलाजाने भुईमुगाकडे वळले आणि त्यात सावरले. त्या गावाने १९१९ मध्ये चक्क या भुंग्याचे स्मारक उभारले. एकाच पिकावर गाव उभे करू नये, हे त्याने शिकवले म्हणून.

२०२२ आणि २०२५ मध्ये जुनी गोष्ट कशी पुन्हा घडली?

२०२१-२२ च्या हंगामात जगभर कापूस चढला आणि राज्यातल्या अनेक बाजारांत क्विंटलला १२ हजारांहून जास्त भाव निघाला. पण हा भाव हंगामाच्या शेवटी आला. दिवाळीला माल विकणाऱ्यांच्या हाती तो लागला नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने कापसावरचे आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढले. पुढच्या वर्षी अनेकांनी १० हजारांच्या आशेने कापूस घरात भरून ठेवला. भाव उतरत गेला. घरातला कापूस वाळून वजनाला घटला, घरातल्यांना खाज सुटली, आणि शेवटी कमी भावातच विकावा लागला.

ऑगस्ट २०२५ मधली साखळी अधिक सरळ आहे. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, असे एकूण ५० टक्के आयात शुल्क लावले. अमेरिका हा भारतीय कपड्यांचा सर्वांत मोठा ग्राहक आहे. तिरुप्पूरसारख्या शहरांतल्या ऑर्डर धोक्यात आल्या. कापड उद्योगाला निदान कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी ही सवलत ३० सप्टेंबरपर्यंत होती, नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली. आपली वेचणी आणि विक्री नेमकी याच महिन्यांत असते.

म्हणजे वॉशिंग्टनमध्ये शर्टवर कर लागला आणि त्याचा भार फिरत फिरत सोयगावच्या कापसावर आला. सरकारची बाजू अशी की गिरण्या चालल्या तर कापसाला मागणी राहील. शेतकरी संघटनांचे म्हणणे असे की उद्योग वाचवण्याची किंमत शेतकऱ्याने का मोजावी. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे, पण तोटा सहन करण्याची दोघांची ताकद सारखी नाही.

न्यूयॉर्कचे सेंट आणि गावचा क्विंटल, हिशेब कसा करायचा?

न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंज १८७० मध्ये, युद्धानंतर पाच वर्षांनी, सुरू झाले. आजही जगातला कापूस व्यवहार न्यूयॉर्कच्या वायद्यांकडे पाहून ठरतो. तिथला भाव रुईचा असतो, पाऊंडमागे सेंटमध्ये. आपला भाव सरकीसह कापसाचा असतो, क्विंटलमागे रुपयांत. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तुलना अशी करता येईल.

१. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. म्हणजे ७५ पाऊंड.
२. समजा न्यूयॉर्कला भाव ६५ सेंट आहे. ७५ गुणिले ०.६५ म्हणजे ४८.७५ डॉलर.
३. डॉलर ८८ रुपयांचा धरला, तर रुईचे ४,२९० रुपये.
४. उरलेली सुमारे ६४ किलो सरकी. किलोला ३५ रुपये धरले, तर २,२४० रुपये.
५. बेरीज ६,५३० रुपये. यातून जिनिंग, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा होतो.

आकडे उदाहरणादाखल आहेत, त्या दिवशीचे दर घालून पाहा. यातून तीन गोष्टी कळतात. न्यूयॉर्कमध्ये १० सेंट वर-खाली झाले की क्विंटलला सुमारे ६६० रुपयांचा फरक पडतो. ११ टक्के आयात शुल्क असणे-नसणे म्हणजे कागदावर सुमारे ४७० रुपये. आणि सरकीचा वाटा एकूण रकमेच्या एक तृतीयांश आहे, त्यामुळे सरकीचा भाव विचारल्याशिवाय कापसाचा भाव कळत नाही.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. वरच्या उदाहरणातला आकडा त्यापेक्षा बराच खाली आहे. अशा वर्षी खुल्या बाजारापेक्षा सीसीआयचे केंद्र किती लवकर सुरू होते, हे महत्त्वाचे ठरते. त्या हंगामात सीसीआयने विक्रीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी मागितली. मोबाइल, आधार, सातबारा आणि पीक नोंद जुळली नाही, तर हमीभाव कागदावरच राहतो.

मका लावला तर सुटका होते का?

सिल्लोड तालुक्यात मका आणि मिरचीने कापसाला मोठा पर्याय दिला आहे. एंटरप्राइज गावाच्या भुईमुगासारखेच हे. मक्याला पोल्ट्री आणि इथेनॉलची मागणी आहे. पण इथेही ‘बाहेर’ आहेच. अमेरिका हा जगातला सर्वांत मोठा मका उत्पादक देश आहे आणि तिथला बहुतांश मका जनुकीय बदल केलेला असतो, ज्याच्या लागवडीला भारतात परवानगी नाही. भारत अमेरिकेचा मका घेत नाही, अशी जाहीर तक्रार अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये केली. व्यापार कराराच्या वाटाघाटींत मक्याचा विषय येतो तो यामुळे. पीक बदलल्याने जोखीम विभागली जाते, पण जगाच्या बाजारातून बाहेर पडता येत नाही.

मग फरक कशाने पडतो?

भाव अमेरिकेत हलतो हे बदलणे आपल्या हातात नाही. तिथल्या शेतकऱ्यालाही भाव पडण्याचा धोका आहे. फरक असा की त्याच्या मागे विमा आणि सरकारी मदतीची भक्कम व्यवस्था आहे. या मदतीमुळे जगातला कापूस स्वस्त होतो, अशी तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे नेली आणि जिंकली. अखेर २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. अनुदान सुधारले, पण मदत थांबली नाही.

आपल्याकडे महाराष्ट्राने १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली होती. शेतकऱ्याला बाजाराच्या झटक्यातून वाचवणे हा तिचा हेतू होता. तोटा, उशिरा मिळणारे पैसे आणि राजकारण यांत ती अडकली आणि २००० नंतर गुंडाळली गेली. आता उरले ते हमीभाव, सीसीआय आणि पीक विमा.

१८६५, २०२२ आणि २०२५ शेजारी ठेवले, तर एक गोष्ट समान दिसते. तेजी वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर अडते आणि गावात शेवटी पोहोचते. मंदी मात्र त्याच आठवड्यात काट्यावर हजर असते. तेजीचा फायदा त्याला मिळतो ज्याला थांबता येते. ज्याच्यावर कृषी सेवा केंद्राची उधारी आहे, मुलाची फी भरायची आहे, त्याला पहिल्या वेचणीचा कापूस दिवाळीपूर्वीच काढावा लागतो. थांबण्यासाठी लागते कमी व्याजाचे पीक कर्ज, गावाजवळ कोरडे गोदाम आणि त्यातल्या मालावर मिळणारे तारण कर्ज. बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना आहे, पण कापसासारख्या जागा खाणाऱ्या आणि पेट घेणाऱ्या मालासाठी घर हेच अजून बहुतेकांचे गोदाम आहे.

त्यामुळे पुढच्या हंगामात भावाची बातमी वाचताना चार गोष्टी एकत्र पाहाव्यात. न्यूयॉर्कचा भाव आणि डॉलरचा दर, कापसावरचे आयात शुल्क आहे की काढले आहे, सरकीचा भाव आणि आपल्या तालुक्यातले सीसीआय केंद्र कोणत्या तारखेला सुरू होणार. पहिल्या तीन गोष्टी अजिंठ्यापासून दूर ठरतात. चौथीची तारीख मात्र इथल्या शेतकऱ्याला, त्याच्या लोकप्रतिनिधीला आणि बाजार समितीला ऑक्टोबर उजाडण्याआधी मागून घेता येते.